वरचा बोल्ट

तीन आठवडे अख्ख्या इमारतीनं मला ढकललं.
किल्ली फिरवली की नुसतं टक्.
पुन्हा टक्. जिभेनं नाही म्हणावं तसं.
मग वॉचमन गवळे, दुसऱ्या मजल्यावरचे कोंढाळकर,
दूधवाला हाती लागला तर तोही,
आणि घोरपडीच्या फाटकाकडच्या उतारावर
माझी जुनी एस्टीम, तिच्यात मी, दुसऱ्या गिअरात,
क्लच सोडायची वाट बघत.

गॅरेजवाला म्हणाला, स्टार्टर गेलाय.
बसवायला काय, अर्धा तास.
पोचायला दिवस.
आणि आकडा असा सांगितला
की मी तडक नाना पेठ गाठली,
ब्रश बदललेला स्टार्टर वर्तमानपत्रात गुंडाळून
रिक्षातून मांडीवर घेऊन आलो.
जुना आणून दिलात तर सहाशे परत.

रविवारी दहाच्या पान्यानं आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडली.
पुढची चाकं स्टँडवर. खाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर मी.
खालचा बोल्ट शहाण्यासारखा आला.
वरचा
मॅनिफोल्डच्या मागे, वायरिंगच्या आड,
जिथं टॉर्च जातो तर हात जात नाही,
हात जातो तर टॉर्च बाहेर.
माझा पंजा मनगटापाशीच अडकला.
घड्याळ काढलं, तरी.
साबण लावला, तरी.
ज्यानं ही गाडी आखली
त्याला एक दिवस माझ्या शेजारी पुठ्ठ्यावर झोपवायला हवं होतं.

दीडच्या सुमारास तळमजल्यावरच्या साळवे सिस्टर
वाळत घातलेल्या मिरच्या उचलायला आल्या.
"किती वेळ झाला?"
मी म्हटलं, सकाळी नऊपासून.
"आणि अजून काहीच नाही?"
त्या बहुतेक गाडीबद्दल बोलत नव्हत्या.

चौतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात.
मनगट अजून शाळकरी मुलीचं.
अंगठी काढून त्यांनी मडगार्डवर ठेवली,
पाट मागवला, पाटावर उभ्या राहिल्या,
आणि डोळे मिटले.
"बघायला जाऊ नका हो. बघून काही दिसत नाही."
हात आत गेला, कोपरापर्यंत.
चेहरा रुळांच्या बाजूला,
जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजत असाव्यात असा.

"सहा कोपरे?"
"सहाच."
"सापडलं. पाना द्या. हा नाही, आखूड."
मी चौदाचा रिंगपाना त्यांच्या तळहातावर दिला,
जरासा आपटून,
तसंच द्यायचं असतं हे कुणी न सांगता.
त्यांनी बसवला. पहिला झटका मी, पाईप अडकवून.
कर्र. मग पुन्हा त्या.
पाव फेरा. काढा. बसवा. पाव फेरा.
"मी लावू का जोर?"
"जोर तिनं लावायचा असतो,"
म्हणाल्या, आणि स्वतःशीच हसल्या.

बोल्ट आला. स्टार्टर येईना.
मी खाली शिरून ओढतोय, तो ॲक्सलच्या वर अडून बसलेला.
"ओढू नका!" आवाज एकदम वॉर्डातला.
"आडवं आहे. फिरवून घ्या. आधी डोकं येऊ द्या."
फिरवला.
आला. काळा, तेलकट, चांगला वजनदार,
थेट माझ्या छातीवर.
"वेळ लिहून ठेवा," वरून सिस्टर. "तीन वाजून दहा."

नवा चढवताना बोल्ट त्यांनीच धरला.
वाकडा लागला तर म्हणे पहिल्या आट्यालाच कुरकुरतो.
पाचला त्या मिरच्यांची परात घेऊन घरात गेल्या.
नखांतलं ग्रीस लगेच धुतलं नाही;
खिडकीतून दिसलं,
खुर्चीत बसून हात पालथे-उताणे करून बघत होत्या.

एक वॉशर उरलाय. कुठला, ते कळलेलं नाही.
ताटलीत आहे.

सोमवारी आठ चाळीसला गवळे आणि कोंढाळकर
नेहमीसारखे डिकीमागे, बाह्या सरसावून.
मी किल्ली फिरवली.
गाडी अशी सुरू झाली
की दोघांचे तळहात वीतभर हवेत राहिले.
"झालं?" गवळ्यांनी विचारलं, थोडे नाराजच.
मी मागचं दार उघडलं.
म्हटलं, बसा. फाटकापर्यंत सोडतो.
कोंढाळकर पायजम्यावर होते, तरी बसले.